खिडकीपासून दीड हात

उत्तरेची खिडकी. दहाचा उजेड.
भिंतीवर करडी चादर, खिळ्यांनी ताणलेली.
खुर्ची खिडकीपासून दीड हात,
खडूनं खूण केलेली.
छातीपासून वर, डोळे वरच्या एकतृतीयांश रेषेवर:
रात्री वहीत चौकट आखून झोपलो होतो.

लमारा आली. खाणीवरच्या रोपवेत
एकतीस वर्षं दार लावणारी.
खुर्चीकडे बघून म्हणाली,
बसलेली मला चिआतुरात कोण ओळखेल?

उभी राहिली. उजवा हात
आपसूक बाजूला गेला,
नसलेल्या कडीवर.

चौकटीत तो मावेना.

मी मागे सरकलो. आणखी मागे.
चादर संपली, खिळे दिसले, भिंतीचे पोपडे,
माझीच खडूची खूण.

‘सगळे आत?’ तिनं विचारलं.

हो म्हटलं
आणि बटण दाबलं.