उसनवार

पलीकडच्या दारातून उम्म राशिद ओरडते, "वेन कशमती?"
आणि मी तव्यावर पोळी तशीच टाकून जाते.
तिचा कशमा म्हणजे आपला चष्मा,
मुहर्रकमध्ये पहिल्या आठवड्यात एवढंच कळलं होतं मला.
बाकीच्या अरबीला सहा वर्षं लागली,
आणि ती आली आहे
हे माझा धाकटा अजून मान्य करत नाही.

कशमा तांदळाच्या डब्यात सापडतो.
ती हसते, मी हसते,
पोळी करपते.

आमच्या दोन दारांमध्ये शब्द
वाटीभर साखरेसारखे जातात-येतात.
तिचा पंखा बनका झाला, तो आपल्याकडचाच.
माझा साबण म्हणे तिच्याकडचा,
हे थोरली शाळेतून शिकून आली
आणि तीन दिवस हात धुताना सांगत राहिली.
निरंजन रात्रपाळीहून येतो
भट्टीचा वास आणि रॉमेलचा एखादा शब्द घेऊन.
परवा ठेचा खाऊन रॉमेल "मसाराप" म्हणाला,
तेव्हापासून आमच्या घरी साधं वरणसुद्धा मसाराप.
कोल्ड स्टोअरचा कुंजुमोन माझ्याशी हिंदी बोलतो,
पोरांशी अरबी,
पण सुटे पैसे मोजताना ओठांतल्या ओठांत मल्याळम.
मोजताना माणूस आपापल्या गावी जाऊन येतो.
मीही जाते. मूर्तिजापूरला.

तिथे मी आईला माय म्हणायची.
पुण्यात फार्मसीला गेले तेव्हा
खोलीतल्या मुली हसल्या.
वाईट नव्हत्या त्या, नुसत्या हसल्या.
मी तो शब्द ट्रंकेत तळाशी घातला, स्वेटरखाली,
आणि पुढच्या फोनवर म्हटलं, "आई, कशी आहेस?"
पलीकडे जरा वेळ नुसती खरखर.
मग ती म्हणाली, "कोन वं हे आई?"
नंतर सवय झाली तिला.
गेली तेव्हा विमान उशिरा पोचलं.
मी पायाशी बसून "आई" म्हणूनच रडले.

ऑगस्टमधली रात्र, अडीच वाजलेले.
बाहेरच्या दमट हवेनं काचा आंधळ्या झालेल्या,
धाकट्याला एकशेतीन ताप.
कपाळावरची पट्टी बदलताना
तो डोळे मिटून पुटपुटला,
"माय… माय…"

मी नव्हता शिकवला त्याला हा शब्द.
तिला त्यानं पाहिलं ते फोटोतच.
मी त्याचा हात धरून बसले,
"काय रे राजा, काय रे माझ्या पोट्ट्या,"
आणि माझ्या तोंडून वऱ्हाडी अशी सुटली
की जणू कोणी ट्रंक उपडी केली.

दुसऱ्या पलंगावरून थोरली झोपेतच वैतागली:
"अगं, पाणी मागतोय तो!"

माहीत होतं की मला.
सहा वर्षं उम्म राशिदच्या ओट्यापाशी
हाच शब्द ऐकत आले होते, पेल्यासकट.
पण रात्री अडीचला कान परदेशात नसतात.

दीड ग्लास प्यायला. कूस बदलली.
मी रिकामा ग्लास घेऊन स्वयंपाकघरात उभी,
दिवा न लावता,
हळूच म्हणून पाहिलं, माय.
तोंडाला पाणी लागल्यासारखं झालं.

सकाळी उम्म राशिदनं वाळल्या लिंबांचा काढा पाठवला.
भांडं रिकामं परत द्यायचं नसतं,
म्हणून जवसाची चटणी घातली,
पाटा नाही इथे, मिक्सरवरच केलेली.
तिनं बोटावर घेतली, चाटली, "शिनू हाधा?"
मी म्हटलं, "ही माझ्या मायची."
"पाण्याची?"
ती भांड्यात वाकून पाहू लागली,
मग तिथूनच ओरडली,
वेन कशमती?