मिंधी

नोव्हेंबरात पुंता अरेनासला
रात्रीचे साडेनऊ वाजले तरी सूर्य हलत नाही.
रक्तपिपासूंना अगदीच गैरसोयीचं गाव.
तरी मी खेकड्यांच्या कारखान्यातून सुटले
की सरळ कॅफेत येते,
एक हात तुटलेल्या खुर्चीत बसते
आणि बोटांना उकडल्या कवचांचा वास असतानाच
माउस धरते.

पाचांचा संघ आमचा. चार पोरं विशीच्या आतली,
आणि मी, एदेलमिरा, बेचाळीस पूर्ण.
ती मला अहोजाहो करतात,
गोळ्या सुटायला लागल्या की विसरतात.

मी एकच पात्र घेते : जळू.
काळा झगा, पांढरट ओठ, दोन आखूड बंदुका.
ती ज्याला जखम करते
त्याचं रक्त तिच्या पट्टीत भरतं.
शंभरातले चाळीस उरले की बाकीचे मागे पळतात,
मी पुढे घुसते.
समोरचा जितका जवळ, तितकी मी जिवंत.
कुणाला हाक मारायची नाही,
कुणाची वाट बघायची नाही.
पोरं म्हणतात, जबरदस्त.
मी म्हणते, सवय.

(नवरा बोटीवर गेला तो पलीकडच्या बंदरातच राहिला.
दोन मुली, एक गॅसची शेगडी, अकरा हिवाळे.
शेजारणीकडे काडेपेटीसुद्धा मागितली नाही.
मिंधी नाही मी कुणाची,
हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय
की आता ते दात घासताना आपोआप येतं.)

उलिसेस वैद्य खेळतो. एकोणीस वर्षांचा, सदा सर्दी.
त्याच्या काठीतून हिरवा धागा निघतो,
जखमी गड्याला चिकटतो, त्याला भरत राहतो.
एकदा तो म्हणाला, पडद्यावरची नजर न काढता,
"तुमच्या संघात असलो
की मला उगाच आल्यासारखं वाटतं."
मी हसले. पोर आहे.

काल समोरचे शहाणे निघाले.
त्यांनी जवळ येणंच सोडलं.
एक घंटाघरावर चढून बसला, बाकीचे भिंतींमागे.
मी विहिरीच्या कठड्याआड, पट्टीत अकरा,
आणि हाताच्या अंतरावर
रक्ताचा एक थेंब नाही.
रिकाम्या गल्लीत जळूनं चिकटावं कशाला?

मदत मागायचं एक बटण असतं. एक्स.
सहाशे तास खेळले, कधी दाबलं नव्हतं.
काल दाबलं.
आणि माझी जळू बोलली,
पहिल्यांदाच ऐकली मी तिची ती ओळ :
"इकडे येता का कुणी? मला जमत नाहीये."
मला वाटायचं तिचा आवाज खरखरीत असेल.
तो साधा होता. थोडा दमलेला.
बसथांब्यावर वेळ विचारावी तसा.

उलिसेस उघड्या रस्त्यातून आला.
नागमोडी नाही, आड घेत नाही, सरळ.
धागा चिकटला.
बारा. सतरा. एकोणतीस.
कुणालाही न मारता भरत जाणारी पट्टी
मी नुसती बघत राहिले,
बंदुका खाली धरून, खुळ्यासारखी.
त्रेपन्नवर तो पडला.

जिंकलो बिंकलो नाही. सात गुणांनी गेला सामना.
मी दोघांना लोळवलं, उशिरा.
"एवढा वेळ लावतात का हाक मारायला?"
म्हणाला, नाक पुसलं,
आणि माझ्याही तासाचे पैसे देऊन टाकले.
मी पर्समध्ये हात घातला.
तो म्हणाला, राहू द्या.
राहू दिलं.

बाहेर वारा सुटला होता, माणूस उचलणारा.
अशा दिवसांत इथे चौकाचौकात दोर बांधतात,
म्हाताऱ्यांनी, पोरांनी धरून पलीकडे जावं म्हणून.
मी कधी धरत नाही, जड बूट घालते.
कालही धरला नाही.
पण चालले
त्याच्या अगदी कडेकडेनं.