पाणी चार दिवसांआड

आमच्या साखर पेठेत नळाला पाणी चार दिवसांआड.
गोळी रोज.
रात्री नऊला, अंबादास डबा घेऊन रात्रपाळीला निघाला,
सायकलचं स्टँड खटकन वर गेलं
की माझा हात शिवणमशिनच्या खणात.

पाकीट द्यायच्या आधी नसीमा सिस्टरनं
दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला.
विचारलं, पायाच्या शिरेत कधी गुठळी?
डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं नागमोडी उजेड?
कावीळ? टीबीच्या गोळ्या? त्या हिला खाऊन टाकतात.
विडी?
आई वळायची, म्हटलं. ओढत कुणी नव्हतं.
अंगावर पिणारं बाळ?
भार्गवी दोन वर्षांची आहे, चहात पाव बुडवून खाते.
हसली. मग सांगायला लागली.

मी कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते,
मला ते माझ्या भाषेत कळलं.
गोळीत दोन धागे, उभा आणि आडवा,
एक इस्ट्रोजेन, दुसरा प्रोजेस्टेरॉनच्या जातीचा.
रोज आत गेले की मेंदूखालची इवलीशी गाठ समजते
माल पुष्कळ आहे, यंदा भोंगा नको.
भोंगा नाही, तर बीज पाळीवर निघतच नाही
(ही पाळी वेगळी, ती पाळी वेगळी).
तरी कुणी आलंच वेशीपर्यंत,
तर पिशवीच्या तोंडाशी खळ घट्ट,
सुताला देतात तशी, पाय रुतून बसावेत अशी.
आणि आतला टॉवेल लव न काढता,
पातळ विणलेला.

सासूबाई म्हणाल्या, रोज रोज गोळ्या,
पोटात साचून गोळा होईल.
हे मी सिस्टरला सांगितलं.
साचत असती तर एकच दिली असती गं,
रोज वाहून जाते, म्हणून तर रोज.

मोठ्या जावेला नाही दिली.
वय अडतीस, वरचा आकडा एकशे साठ.
तिला तांबी बसवली, तर माझ्यावरच फुगली,
जणू मी तिच्या वाटणीचं पाकीट पळवलं.

पहिला महिना मळमळीचा.
मधेच साडीला डाग, तोही कारखान्यात.
थांब, घाबरू नको, दुसऱ्या पाकिटापर्यंत बघ.
बघितलं. सरलं.

मग भिवंडी.
चुलत दिराचं लग्न, हळद, वरात, तीन रात्री,
आणि पाकीट इथं खणात, बॉबिनशेजारी.
परत आले ते थेट सिस्टरच्या दारात.
दुसरी ओळ चालू होती.
आता लगेच एक घे, पुढच्या ठरल्या वेळेला,
सात दिवस निरोध.
तिसरी ओळ असती तर तपकिरी सोडून
पांढऱ्या संपल्या की नवं पाकीट धरायचं होतं.
आणि पुन्हा विसरलीस तर मनानं काही करू नको, इथं ये.

अंबादास मेडिकलात गेला
आणि झंडूची बाटली घेऊन आला.
दुकानात मामा उभे होते म्हणे.
दुसऱ्या दिवशी अशोक चौकापलीकडं गेला, आणलं.
सात दिवस मी कॅलेंडरवर फुल्या मारल्या,
त्यानंही मोजले, माझ्यापेक्षा नीट.

खणाच्या झाकणाला आतून
टेलरच्या खडूनं लिहून ठेवलंय:
एक पोटरी सुजून दुखली, छातीत कळ, दम,
डोकं कधी नव्हे तसं ठणकलं, नजर धुरकटली,
बोलताना जीभ अडखळली,
तर गोळी बंद, रिक्षा, सिव्हिल.
अजून एकदाही वाचायची वेळ आली नाही.
खडू फिकट होतो, मी पुन्हा गिरवते.

तपकिरी गोळ्या लोहाच्या.
भार्गवीला त्या चॉकलेट वाटतात,
म्हणून खणाला कुलूप, किल्ली मंगळसूत्राला.

सासरे अजून सांगतात,
मिलचा भोंगा बंद झाला तेव्हा कुणी विचारलं नाही.
माझा मी बंद ठेवलाय.
दुसरं हवंसं वाटलं की गोळी थांबव,
सिस्टर म्हणाली, वाजेल पुन्हा.
बघू. भार्गवी शाळेत जाऊ दे,
नवी मशिन येऊ दे.

आज पाण्याची रात्र.
नळ दोनला येईल नाहीतर तीनला.
नऊची गोळी घेतली,
घागरी ओळीनं मांडते.