उताणा हात

तीन जानेवारी, सकाळचे आठ.
बर्फ नव्हता, बर्फाची नुसती साय
हॅलिफॅक्सच्या उतरत्या फरसबंदीवर.
कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला गेले
आणि फरशीच वर आली.
मी कुठे गेले नाही.

पडताना माणूस हात पुढे करतो,
ते कुणाला शिकवावं लागत नाही.
डॉक्टर म्हणाला, जेवायच्या काट्यासारखं
वाकलंय मनगट, अगदी पुस्तकातलं.
इतकी वर्षं इथे राहून
काटा नीट धरता आला नाही मला,
तोच हातात येऊन बसला.

पाटल्या कापाव्या लागल्या.
सासूबाईंच्या. एकतीस वर्षं न उतरलेल्या.
नर्सने बोटभर करवत आणली,
"सॉरी, लव्ह," म्हणाली,
आणि नमुन्याच्या डबीत घालून दिल्या दोन्ही,
वर चिठ्ठी: माझं नाव, जन्मतारीख.
नावाचं स्पेलिंग चुकलेलं.
सोनं तेवढं बरोबर.

डाव्या हाताने पहिला घास घेताना
खिडकीचा पडदा ओढून घेतला.
समोर कोण होतं?
बंद गिरणीची चिमणी.

शेजारचे ओल्ड्रॉइड, वय ब्याऐंशी,
गालिच्यांच्या गिरणीत दोन बोटं ठेवून आलेले,
रोज दहाला यायचे
आणि सगळ्या बरण्यांची झाकणं
अर्धा आटा सैल करून जायचे.
बोलायचे हवेबद्दल. हाताबद्दल नाही.
एकदा हिंगाची डबी उघडली
आणि दोन दिवस आलेच नाहीत.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं,
आत कुणा दुसरीचा हात होता.
पापुद्रे सुटलेले, काळी लव,
ओल्या कपाटाचा वास,
पाटल्यांच्या जागी एक फिकट पायवाट.

कर्स्टनने कोनमापक लावला.
मला हसू आलं.
अठ्ठावीस वर्षं मुलांना सांगत आले:
शिरोबिंदू हलू देऊ नका, मग अंश वाचा.
आता मीच शिरोबिंदू, मीच हलतेय.
"पालथा करा." पंच्याहत्तर. छान.
"उताणा करा." बावीस.
"आणखी?"
आणखी नाही.

पालथा हात लवकर बरा होतो.
त्याने वाढता येतं, दार ढकलता येतं,
पोराच्या डोक्यावर ठेवता येतो,
राहू दे, नको, म्हणता येतं.
माझा जन्म त्यावरच निभावला.

शनिवारी मार्केटमध्ये कोथिंबीर घेतली.
मुलगा सुटे पैसे धरून उभा,
मी मूठ उघडली, पण हात वळेना.
नाणी कडेवरून घरंगळली कोबीच्या पेटीखाली.
तो गुडघ्यांवर बसून शोधत राहिला,
मागे रांग,
आणि मी म्हणत होते, राहू दे, नको,
मराठीत.

आता रोज रात्री हातोडी.
टोकाशी धरायची, कोपर बरगडीला,
आणि तिच्याच वजनाने कलू द्यायची.
आपण काही करायचं नाही,
हेच दुखतं.
एकतीस. अडतीस. परत चौतीस.
मार्च संपता संपता एक्कावन्न.
कर्स्टन म्हणाली, पूर्ण येईलच असं नाही.
पाटल्या अजून त्या डबीतच, चहाच्या शेजारी.
लेक फोनवर विचारते, सांधून घेतल्यास का?
सांगते, बघू.

आज हातोडी परत द्यायला गेले.
ओल्ड्रॉइड कुंड्यांपाशी वाकलेले.
"हात पुढे कर," म्हणाले,
आणि उरलेल्या तीन बोटांनी
पुडी तिरकी केली माझ्या तळहातावर.
वाटाण्याचं बी, सुरकुतलेलं, हिरवट.
चार घरंगळले पायरीवरून.
बाकीचे थांबले.

मी वाकणार, तर म्हणाले, असू देत,
तिथेच रुजतील.
नाहीतर कबुतरं आहेत.