असावी

म्हापशाचं कार्यालय, दुसरा मजला.
नमुना क्रमांक चार, रकाना नववा :
'सदर महिला मानवी तस्करीची पीडित असावी.'
एकोणीस वर्षं जमाखर्च लिहितेय मी.
असावी हे अनुमान की अट,
अजून कुणी सांगितलेलं नाही.
खिडकीत उजेड दिसला की आपण म्हणतो, घरात कुणी असावं.
मुलगी बघायला निघालो की म्हणतो, गोरी असावी.
तोच शब्द.

तिचं नाव सुई पार.
पिएदादबाई हसल्या, सूय? तोपता गो?
बांबोळीच्या इस्पितळातली दुभाषी नर्स फोनवर म्हणाली,
तिच्या भाषेत सुई म्हणजे सोनं.
मग कुणी हसलं नाही.

चिन डोंगरातलं गाव जळालं,
नदी ओलांडून मिझोराम,
तिथे एक गाडीवाला : पार्लरचं काम, समुद्राजवळ.
समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला
कळंगुटच्या एका संडासाच्या झडपेतून,
चार बोटं रुंद.

आश्रयाचा अर्ज दिल्लीला गेलाय.
पावती आहे, नंबर आहे, तारीख नाही.
तोवर निर्वाहभत्ता, दरमहा दोन हजार शंभर,
तोही नव्वद दिवस,
तोही 'संभाव्य' या सदराखाली.
कोषागाराने फाईल दोनदा परत पाठवली.
एकदा : बँक खाते जोडावे.
एकदा : संभाव्य म्हणजे नक्की किती?
मी लिहिलं, महोदय, झडप मोजून कळवते.
मग खोडलं.

पैसे शेवटी आकस्मिक निधीतून आले, एका बुधवारी.
एकवीस नोटा मोजून मी पुढे सरकवल्या.
तिने हात लावला नाही.
हळू काहीतरी बोलली.
फोनवरची नर्स बराच वेळ गप्प,
मागे वॉर्डात कुणीतरी पाणी मागत होतं.
मग म्हणाली,
ती विचारतेय, व्याज किती.
व्याज नाही, मी म्हटलं.
ती विचारतेय, मग रात्री किती.

त्या खोलीतही एक वही होती म्हणे.
गाडीभाडं, गादी, जेवण, पावडर, पंखा.
पंख्याचे दिवसाला चाळीस.
दर रविवारी मालकीण बेरीज वाचून दाखवायची
आणि बेरीज काही केल्या उतरायची नाही.

मी माझ्या रजिस्टराकडे पाहिलं.
निवास. आहार. वस्त्र. किरकोळ.
रेघा मीच आखलेल्या, तांबड्या शाईने,
तळाला एकूण.

काय सांगणार?
मदत म्हणावं, तर तो शब्द गाडीवाल्याने आधीच वापरलेला.
पिएदादबाई उठल्या,
डब्यातला अर्धा उंडो तिच्यापुढे ठेवला,
उरलेला स्वतः खात बसल्या.
पाव चावण्याचा आवाज तेवढा.

खूप वेळाने तिने नोटा उचलल्या.
शुक्रवारच्या बाजारात काय घेतलं ते
निवाराघराच्या वॉर्डनने कळवलं :
मोहरीचा पाला मिळाला नाही म्हणून तांबडी भाजी,
चंफाईच्या छावणीतल्या आईशी बोलायला रिचार्ज,
आणि जुन्या सामानातला टेबलफॅन, साडेतीनशेला.
खोलीत पंखा आहे की हो, वॉर्डन म्हणाली,
मी काही बोलले नाही.

पुढच्या महिन्यात आली
तेव्हा दहाची एक नोट तिने माझ्या टेबलावर ठेवली,
घडी उलगडून, दोन्ही तळव्यांनी सपाट करून.
पहिला हप्ता.
नको म्हटलं. ती तशीच उभी.
परत केली असती तर तिला वाटलं असतं,
हप्ता नाकारला, आता वाढणार.
घेतली.

जमेला धरायची तर कुठल्या खात्यात?
नोट अजून ड्रॉवरमध्ये आहे, टाचण्यांच्या डबीखाली.
मार्चमध्ये लेखापरीक्षक येतील,
विचारतील, ही कुणाची?
म्हणेन,
कुणाची तरी असावी.