चार बोटं डोळा

रविवारी रात्री साडेनऊला फोन लागतो,
तिकडे तेव्हा दुपारचा दीड.
खेमराज म्हणतो, सगळ्या देशाच्या घड्याळात
या बेटाचा अर्धा तास वेगळाच काढलेला,
आपला आहे तसा.
त्या मुलखाचं तेवढं एकच बाबाला पटलं आहे.

मे महिना, आणि बंदराच्या तोंडाशी
बर्फाचा डोंगर येऊन उभा.
कोणी बोलावला नाही, कोणाच्यानं हटणार नाही.
इथं खाटेची सुतळी अजून तापलेली,
कूलरच्या पाण्याला दुपारपासून वास.
आई माठाला ओलं फडकं गुंडाळता गुंडाळता
मान वर न करता विचारते,
"तो पहाड खारा हाये का गोडा?"
गोडा, तो सांगतो. निव्वळ पिण्याचं पाणी.
आईचा हात फडक्यावर थांबतो.
आज बोअरला चार घागरींवर हंडा नव्हता.

मग तो फोन फिरवतो.
खडक. खडकावर खडक. मधे झुडपं,
वाऱ्यानं एकाच बाजूला विंचरलेली.
"माती कोठी हाये?"
माती नाही, बाबा. लोक समुद्रातलं शेवाळ ओढून आणतात,
त्यात बटाटे लावतात.
घरं लाकडाची: लाल, पिवळी, कच्च्या निंबासारखी हिरवी,
धुक्यातून येणाऱ्याला आपलं दार ओळखू यावं म्हणून,
असं तिथले सांगतात.
धुकं आलं की तीन तीन दिवस शेजारीण दिसत नाही.
वाळत घातलेला सदरा मागच्या महिन्यात उडाला,
तो पुढच्या गावच्या माणसानं आणून दिला, घडी करून.

काम? खेकड्याचे पाय मोडायचे, पट्ट्यापाशी उभं राहून.
आई हसते. तलावाच्या काठी ही सारी पोरं
हेच तर करत होती, फुकट.

घरमालक वॉल्टर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा,
चुलीजवळ बसून जाळं विणतो.
कशासाठी, ते खेमराजनं विचारलेलं नाही.
तीसेक वर्षांपूर्वी सरकारनं
तिथला मोठा मासा धरणं बंद केलं.
एका दुपारी, रेडिओवर सांगून.
"समुद्र बंद कसा होते गा? कुलूप लावतेत का?"
बाबाला तलाव बंद झालेला माहीत आहे:
पाळीवर पाटी लागते,
आणि पाटीखाली ठेकेदाराचा भाचा
मोटारसायकल उभी करून मोबाइल पाहत बसतो.

"थो बुढा दाखव मले."

फोन मीच धरला होता.
वॉल्टर आला, चष्मा कपाळावर, हातात सुई.
बाबानं आढ्याला खोचलेली आपली सुई काढली,
बांबूची, आजोबांच्या घामानं काळी पडलेली.
कोणी काही बोललं नाही.
बाबानं गाठ मारली, लांब धरली.
वॉल्टरनं चष्मा खाली घेतला,
पाहिली,
तिकडे एक मारली.
तीच.
वरून, मागून, फासातून, ओढ.
कोणत्या शाळेत गेले होते दोघं!

मग बाबानं जाळ्याच्या डोळ्यात चार बोटं घातली:
आमचा डोळा एवढा. यातून सुटेल ते सुटू द्यायचं,
पुढच्या साली तेच येतं.
वॉल्टरनं पाहिलं. मान हलवली.
आणि अख्खा पंजा पसरून पडद्यासमोर धरला.
एवढा.

तेवढ्यात रेंज गेली.
पंजा तसाच थिजला,
बोटांच्या मधून खिडकी, खिडकीतून पांढरं काहीतरी,
धुकं असेल, बर्फ असेल.
मी दोनदा लावून पाहिला.
बाबाची चार बोटं कितीतरी वेळ डोळ्यातच.

दिवा मालवल्यावर खाटेवरून आवाज आला,
"गाठ आपलीच हाये."
कुठंतरी टिटवी ओरडत गेली, तलावाच्या कोरड्या अंगानं.
मला वाटलं, झोपला.
"पण दोरा नायलॉनचा होता."