नोंद नाही

नारीन नदीत, पुलाच्या खालच्या अंगाला,
सेंटिमीटरच्या खुणांची एक लोखंडी पट्टी उभी आहे.
सकाळी आठ, रात्री आठ
माझे वडील, तोक्तोसून, तिच्यासमोर उकिडवे बसत.
पाणी वाचून येतो, म्हणत.

घरात पुस्तकं तीनच. त्यातल्या एकाला मुखपृष्ठ नव्हतं,
ते कशाचं आहे कुणालाच ठाऊक नव्हतं,
पण हात धुतल्याशिवाय त्याला शिवायचं नाही.
शाळेत काय शिकवलं, कधी विचारलं नाही त्यांनी.
प्रगतिपुस्तकावर सही करत
चहात पाव बुडवता बुडवता.

मी नऊ वर्षांची. त्या हिवाळ्यात त्यांना ताप चढला.
आई मेंढ्यांपाशी. बाहेर उणे सव्वीस,
आणि पट्टी दिसायची तर आधी कुऱ्हाडीनं बर्फ फोडायचा.
गेलेच नाही मी.
काल एकशे एकेचाळीस, परवा एकशे एकेचाळीस,
आज नदी काय असं वेगळं करणार होती?
त्यांच्यासारखं तिरकं अक्षर काढून
लिहिलं: १४१.

चौथ्या दिवशी ते उठून बसले. वही पाहिली.
"नदीवर गेली होतीस?"
मी माझ्या बुटांकडे पाहिलं.
कोरडे ठणठणीत.

ओरडले नाहीत. मी रबर शोधायला लागले, तर म्हणाले,
खोडायचं नाही. एकच रेघ मार, बारीक,
खालचा आकडा वाचता आला पाहिजे.
शेजारी लिही: नोंद नाही.
आणि सही कर. तुझी. पूर्ण नावानं.
बुरुलचा तोक्तोसून-कीझी.
आयुष्यातली माझी पहिली सही ती.

आता बिश्केकमध्ये मुलं माझ्यापुढे प्रबंध ठेवतात.
आलेखाची रेघ अशी, की लोणी फासलंय.
मी विचारते, मधल्या बारा दिवसांचं काय?
"मॅडम, ते अंदाजानं भरलं."
आणि खोलीत ओल्या लोकरीचा वास येतो,
तापाचा, गार झालेल्या चहाचा.

वडील गेले तेव्हा मी डोलोनच्या घाटात होते,
बर्फात रुतलेल्या गाडीत.
चाळिसाव्या दिवसाचे पाहुणे पांगल्यावर वही काढली.
त्या तारखेसमोर काय असेल
ते मला न बघताच माहीत होतं.

सकाळी आठ: १३८. तिरकं अक्षर.
रात्री आठ: १३९.
मोठ्ठं, कोपऱ्याकोपऱ्यांचं, रकान्याबाहेर सांडलेलं,
किराण्याच्या यादीपलीकडे कधी काही न लिहिलेल्या
माझ्या आईचं.

ती कणीक मळत होती.
"माणसं बसली होती घरात. रडत होती.
आठ वाजले, म्हणून गेले."
मग हात तसेच पिठात ठेवून,
"एकोणचाळीस की चाळीस, नीट दिसेना गं,
बॅटरी मिणमिणत होती.
तसंही लिहायचं असतं का तिथं?"